‘आम्हाला गारच बरं वाटतं!’

बायकांच्या बैठकीत दारू, मजुरी, रेशन, मारहाण असे विषय निघाले की बायका पदर सावरून नीट बसतात. पण ‘अंघोळीला पाणी गरम घेता की गार?’ असं विचारलं की हसायला लागतात. हा काय प्रश्न झाला? एवढ्यासाठी का मीटिंग बोलावली?

खर्ड्यात आणि आसपासच्या वस्त्यांवर काम करताना हा प्रश्न मी मुद्दाम विचारते. हसणं ओसरलं की बहुतेकींचं उत्तर एकच येतं. ‘‘आम्हाला गारच बरं वाटतंय, ताई. सवय झालीय.’’

‘‘आणि मालकांना?’’

‘‘त्यांना कढत लागतं.’’

‘‘मामांना?’’

‘‘मामांच्या पाण्याची तर वाफ निघाली पायजे!’’

‘‘आणि पोरांना?’’

‘‘पोरं शाळेत जात्यात. त्यांना कोमट करून द्यावं लागतं.’’

म्हणजे घरातल्या पाच-सात माणसांना गरम पाणी लागतं. गार आवडणारी एकटी कोण, तर जी ते पाणी तापवते ती! एखाद्या घरात असं असतं तर आवडनिवड म्हणून सोडून दिलं असतं. घरोघरी तापवणारीलाच नेमकं गार आवडत असेल, तर त्याला आवड कसं म्हणायचं?

माझं म्हणणं सरळ आहे. गार पाणी ही बाईची सवय नाही, ती तिच्या वाट्याची शिधापत्रिका आहे. घरात कोणती वस्तू कमी असली की ती कुणाच्या ताटातून कमी होते, हे आपल्याला भाकरी-भाजीच्या बाबतीत कळलेलं आहे. ‘बायका शेवटी जेवतात’ यावर आपण गेली पन्नास वर्षं बोलतो आहोत. बायका शेवटी अंघोळ करतात, किंवा सगळ्यांच्या आधी अंधारात करतात, आणि दोन्ही वेळा गारच पाण्याने करतात, यावर मात्र बोललो नाही.

पारोसं आणि उरलेलं

पहाटेचा क्रम बघा. थंडीचे दिवस आहेत. बालाघाटाच्या माथ्यावरचा वारा घराच्या फटीफटीतून आत येतो आहे. रांजणातलं पाणी हाताला चटका लागावा असं गार झालेलं. साडेचार-पाचला बाई उठते. शेणकूर, झाडलोट, पाणी भरणं. मग बाहेरच्या चुलीवर हंडा चढतो. तुराट्या, बाभळीच्या फांद्या, एखाद-दोन गोवऱ्या घालून जाळ धरायचा. पाणी तापलं की आधी सासऱ्यांचं काढायचं, मग नवऱ्याचं, मग पोरांचं. प्रत्येकाच्या बादलीत विसण घालून, हात बुडवून पाहून, मोरीपर्यंत नेऊन द्यायचं. ‘पाणी काढलंय’ असा आवाज द्यायचा. टॉवेल, साबण, धुतलेले कपडे हाताशी ठेवायचे.

यात तिची अंघोळ कुठे बसते? ती दोन ठिकाणी बसते. काही घरांत पारोशाने चुलीला हात लावायचा नाही असा नियम असतो. अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाक नाही, देवपूजा नाही. या नियमाच्या घरात बाई सगळ्यांच्या आधी अंघोळ करते. पण तोपर्यंत चूलच पेटलेली नसते. एकटीसाठी आधी बाहेर जाळ करून पाणी तापवायचं म्हणजे आणखी अर्धा तास लवकर उठायचं, आणि ‘एकटीसाठी एवढं सरपण?’ हे ऐकायचं. त्यापेक्षा दोन तांबे गार पाणी अंगावर ओतून ती मोकळी होते.

ज्या घरांत हा नियम पाळत नाहीत तिथे ती सगळ्यांच्या मागून करते. तोपर्यंत हंड्यात तळाशी तांब्या-दोन तांबे उरलेले असतात. जाळ विझलेला असतो. कामावर जायची वेळ झालेली असते. मग त्या उरल्यासुरल्यात गार पाणी ओतून ती उरकते. ‘उरकते’ हाच शब्द बायका वापरतात. पुरुष अंघोळ करतात, बायका अंघोळ उरकतात.

गंमत अशी, की हे दोन नियम एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एका घरात बाई पहिली, दुसऱ्या घरात शेवटची. सोवळ्याचं घर वेगळं, मजुरीचं घर वेगळं. जात वेगळी, ऐपत वेगळी. पण गरम पाणी दोन्हीकडे तिला चुकवूनच जातं. नियम कोणताही असो, निकाल तोच लागत असेल, तर दोष एका घराच्या चालीरीतीचा नाही. सगळ्यांच्या सोयीची मोजणी करताना बाई धरलीच जात नाही, हा तो दोष आहे.

थांबणं कुणाचं मोजायचं?

गरम पाण्यासाठी पुरुषही थांबतो. खांद्यावर टॉवेल टाकून ओट्यावर बसतो आणि ‘झालं का पाणी?’ असं दोनदा विचारतो. हे थांबणं सगळ्यांना दिसतं. कारण त्याला आवाज असतो.

बाईचं थांबणं वेगळं आहे. ती पाण्यासाठी थांबत नाही, पाण्याला थांबवून ठेवते. मालक उठले नाहीत म्हणून लाकडं मागे ओढायची. उठले म्हणून पुन्हा आत सारायची. तेवढ्यात ते चौकात चहाला गेले, की पाणी निवलं म्हणून पुन्हा फुंकणी हातात घ्यायची. एकीकडे भाकरी, एकीकडे हंडा, काखेत लेकरू. हे काम कशात मोजायचं?

केंद्र सरकारने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जातात, आणि असं काम करणाऱ्या पुरुषाची 97 मिनिटं, असं त्यात निघालं. पाच वर्षांनी, 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 झाले. बाईची दहा मिनिटं कमी झाली, आणि पुरुषाचीही नऊ. म्हणजे अंतर जवळपास होतं तिथेच! त्यातही हे आकडे केलेल्या कामाचे. जाळावर एक डोळा ठेवून दुसरं काम करण्याला, कुणाच्या तरी उठण्याची वाट बघत आपली अंघोळ पुढे ढकलण्याला, या मिनिटांत वेगळं घर कुठे आहे?

बाळंतिणीला कळतं ते

‘गार पाण्याने काही होत नाही,’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. धडधाकट माणसाला गार पाण्याने रोग होत नाही. कित्येकांना ते मनापासून आवडतं, उन्हाळ्यात तर सगळ्यांनाच. माझं भांडण गार पाण्याशी नाही. निवड कुणाला आहे आणि कुणाला नाही, याच्याशी आहे.

आणि गरम पाण्याने शरीराला काय आराम मितो हे आपल्या घरांना कळत नाही, असंही नाही. चांगलं कळतं. बाळंतीण घरी आली की सव्वा महिना तिला कढत पाण्याने न्हाऊ घालतात. त्यात कडुलिंबाचा पाला टाकतात, अंगाला तेल चोळतात, कंबर शेकतात. दुसरी बाई पाणी तापवते, दुसरी बाई अंगावर ओतते. बहुतेक बायकांच्या आयुष्यात लहानपणानंतर हेच काय ते दिवस, जेव्हा तिच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी पाणी तापवलेलं असतं. पहिल्या बाळंतपणात तेही माहेरी. सव्वा महिना संपतो, ती सासरी येते आणि हंड्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहते. कंबर तीच असते, दुखणंही तेच असतं. पाणी मात्र बदलतं.

पाळीच्या दिवसांचंही तसंच. ओटीपोटात कळा येतात तेव्हा उबेने आराम पडतो. हे आजीला माहीत असतं आणि डॉक्टरांनाही. पण याच दिवसांत पुष्कळ घरांत बाईने चुलीपाशी जायचं नसतं, आणि पाणी तर चुलीवर! ‘वरून घाल गं थोडं’ असं तिने कुणाला सांगायचं? मुलीला पहिल्यांदा पाळी आली की आपल्या भाषेत तिला ‘न्हाण आलं’ म्हणतात. नावातच न्हाणं आहे. त्या एका न्हाण्याचा पूर्वी सोहळा व्हायचा, अजूनही कुठे कुठे होतो. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांतल्या दर महिन्याच्या न्हाण्याला पाणी गरम मिळेल का, हे मात्र कुणी विचारत नाही.

केसांचं बघा. मुलीचे केस लांबसडक पाहिजेत, सोयरिकीच्या वेळी त्याचं कौतुक होतं. पण लांब केस धुवायला दोन बादल्या पाणी लागतं आणि थंडीत ते गरम लागतं. रविवारी मुलीने डोक्यावरून पाणी घेतलं, की ‘किती पाणी घेतेस, दुसऱ्यांना ठेव,’ असं तिलाच ऐकावं लागतं. तिच्या भावाला हे कुणी म्हणत नाही. मुलगी बोलणं टाळायला शिकते. आधी गरम पाणी कमी घेते, मग गार घेते, आणि विशीत पोचेपर्यंत म्हणायला लागते, ‘मला गारच बरं वाटतं.’ सवय अशी तयार होते.

बंब कुणाचा?

जुन्या घरांत तांब्याचा बंब असायचा. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली तोटी. कित्येक घरांतला बंब सुनेच्या माहेराहून आंदण म्हणून आलेला असतो. हंडा-कळशीबरोबर घंगाळही यायचं. बापाने मुलीच्या लग्नात ऐपतीबाहेर जाऊन ते दिलेलं असतं. त्या बंबातली पहिली बादली कुणाची? तर जावयाची किंवा व्याह्यांची.

दिवाळीत हेच सणाचं रूप घेऊन येतं. नरकचतुर्दशीला घरातले सगळे पहाटे उठून उटणं लावून अंघोळ करतात. बायका मात्र रात्री तीनलाच उठलेल्या असतात, कारण पाणी आपोआप तापत नाही. पाडव्याला बायको नवऱ्याला तेल लावून न्हाऊ घालते, ओवाळते, आणि त्याने ताटात काही घातलं की सगळे हसतात. सण असू द्या. तेल लावणं, पाणी ओतणं, पाठ चोळणं यात माया आहे, ती मला नको आहे असं नाही. फक्त ती माया उलट्या दिशेने कधी वाहते का, एवढंच पाहावं. नवऱ्याने बायकोसाठी पाणी तापवून न्हाणीत नेऊन ठेवलं, असा एखादा तरी सण आपल्याकडे आहे का?

सरपणाचा हिशोब

आता जरा बेरीज-गुणाकार करू. घरात पाच माणसं आहेत. प्रत्येकाला पंधरा लिटरची एक बादली. थंडीत साठवणीचं पाणी 20 अंशांच्या आसपास असतं, अंघोळीला 40 अंश लागतं. म्हणजे 75 लिटर पाणी 20 अंशांनी तापवायचं. विजेवर याला सुमारे पावणेदोन युनिट लागतात. गॅसवर, शेगडीची निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं, तर रोज पाव किलोपेक्षा थोडा जास्त गॅस. म्हणजे 14.2 किलोचं सिलिंडर नुसत्या अंघोळीच्या पाण्यात पन्नास-बावन्न दिवसांत संपेल. स्वयंपाक वेगळाच.

1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली. आपल्याकडेही घरोघरी शेगडी आली. 2022 मध्ये सिलिंडर हजार रुपयांच्या वर गेलं. पुढे 2023 आणि 2024 मध्ये किंमत कमी केली, उज्ज्वलाच्या लाभार्थींना वेगळं अनुदानही दिलं. तरी मजुरीच्या घरात अंघोळीला गॅस जाळणं कुणाला परवडणार? म्हणून चहा गॅसवर, भाजी गॅसवर, आणि पाणी चुलीवर. कागदोपत्री घर धूरमुक्त झालं. पाहुण्यांना शेगडी दिसते. परसातली चूल मात्र पूर्वीइतकीच धुरकट राहते, आणि तिच्यापुढे बसणारी बाईही तीच.

साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा आठवा-दहावा हिस्साच भांड्याला लागतो, बाकी वाऱ्यावर जातो. वरचंच पाणी लाकडावर तापवायला रोज तीन ते चार किलो सरपण लागेल. महिन्याला झालं क्विंटलभर. मोळी वीस-पंचवीस किलोची धरली, तर दर महिन्याला चार-पाच मोळ्या नुसत्या अंघोळीसाठी डोक्यावरून आणायच्या. घरच्या चुलीच्या आणि तशाच इतर जळणाच्या धुराने जगात 2020 या एका वर्षात सुमारे 32 लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपुढे जास्त वेळ कोण बसतं, हे सांगायला नको.

आणि या मोळ्या येतात कुठून? ज्यांना शेत आहे त्यांच्याकडे तुराट्या असतात, पऱ्हाटी असते, जनावरं असली तर गोवऱ्याही असतात. भूमिहीन बाईने काय जाळायचं? ती दुसऱ्याच्या बांधावरच्या काटक्या वेचते, ओढ्याकाठची वेडी बाभूळ तोडते. बांधाच्या मालकाने पाहिलं तर शिव्या खाते. ती शिवी जातीवरून येते, बाईपणावरूनही येते. एकटीदुकटीला त्याहून वाईट प्रसंगाची भीती असते. ही भीती पोटात घेऊन आणलेली काटकी ती स्वतःच्या अंघोळीसाठी कशी जाळेल? ती घरच्यांसाठी जाळते आणि आपण गार पाणी घेते. मग आपण म्हणायचं, तिला सवय आहे!

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं तर विचारूच नका. जामखेड, पाथर्डी, बीड या पट्ट्यातून दरवर्षी हजारो जोडपी कारखान्यांच्या हद्दीत जातात. कोपीत राहणं. ना मोरी, ना आडोसा, ना पाण्याची खात्री. पहाटे फडात जायचं, कधीकधी रात्री गाडी भरायची. अंघोळीला वेळ मिळाला तर जागा नाही, जागा मिळाली तर पाणी नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या प्रश्नाला खाजगी दवाखाने, उचल, खाडा अशा अनेक बाजू आहेत. पण पाळीच्या दिवसांतही अंग धुवायला पाणी आणि आडोसा नसणं, ही त्यातली रोजची बाजू आहे.

आडोशाशिवाय गरम पाणी कशाला?

हा मुद्दा बायकांनीच मला दाखवला. एक जण म्हणाली, ‘‘ताई, पाणी तापवलं तरी बसायचं कुठं? साडी नेसूनच अंघोळ करायची, चार तांबे घ्यायचे आन् उठायचं. त्याला गरम काय आन् गार काय!’’

2011 च्या जनगणनेत ग्रामीण भारतातल्या निम्म्याहून अधिक घरांना आवारात अंघोळीची कसलीच सोय नव्हती. ज्यांना होती, त्यांतही पुष्कळांची म्हणजे वर छप्पर नसलेला नुसता आडोसा. त्यानंतर 2 ऑक्टोबर 2014 ला स्वच्छ भारत अभियान आलं, संडासासाठी 12 हजार रुपये मिळू लागले. चांगलंच झालं. पण न्हाणीघराचं काय? पुरुष चड्डीवर अंगणात, हौदापाशी, विहिरीवर कुठेही अंघोळ करतो आणि हसतखेळत करतो. बाईने उजाडायच्या आत करायची, नाहीतर सगळे गेल्यावर दुपारी. खाटेला लुगडं बांधून केलेल्या आडोशात, कान रस्त्याकडे लावून. म्हणून अंघोळ पटकन व्हावी लागते, म्हणून पाणी तापायची वाट पाहता येत नाही, म्हणून गार. हेही त्या ‘सवयी’चं एक कारण.

शहरातल्या वाचक मैत्रिणींना वाटेल, आमच्याकडे हा प्रश्न नाही. नळ सोडला की गरम पाणी येतं. येतं, पण लगेच नाही. गच्चीवर सौर बंब असेल तर त्यापासून तुमच्या न्हाणीघरापर्यंतच्या नळीत रात्रभराचं गार पाणी असतं. नळी वीस मीटर लांब आणि पाऊण इंची असली, तर साडेपाच-पावणेसहा लिटर. ते मोरीत सोडून आपण हात पुढे धरून थांबतो. 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी धरलं आहे. त्याचा दहावा हिस्सा शहरात एकेक माणूस नुसता गरम पाण्याची वाट बघताना सोडून देतो. 2013, 2016, 2019 या वर्षांत आपल्या भागात टँकरमागे धावलेल्या बाईला हे सांगून बघा. त्या नळाखाली एक बादली ठेवली तर तेच पाणी फरशीला, कपड्यांना होतं. शहरात वाट बघण्याची किंमत पाणी मोजतं, खेड्यात ती बाई मोजते.

मग करायचं काय?

मला माहीत आहे, काही जणी म्हणतील, एवढ्याशा गोष्टीवरून घरात भांडण कशाला? शिवाय सासूबाईही म्हणतील, ‘‘आम्ही काय मेलो का गार पाण्याने?’’ सासूबाईंवर राग धरू नका. त्यांनी वीस-पंचवीस वर्षं गार पाणी घेतलं, तेव्हा कुठे त्यांच्या नावाची बादली तापायला लागली. ती त्यांना सोडवत नाही, हे समजण्यासारखं आहे. त्यांची बादली काढून सुनेला द्यायची नाहीच आहे. हंडा मोठा करायचा आहे, आणि जाळ घालणारे हात वाढवायचे आहेत.

घरापासून सुरुवात करू. ज्याला मिसरूड फुटलं आहे त्याने आपलं पाणी आपण काढून घ्यायचं. बाईने बादली उचलून मोरीत नेऊन द्यायची नाही. आठवड्यातले निदान दोन दिवस चूल पुरुषाने पेटवायची. धूर डोळ्यांत गेला की सरपण जपून वापरायची अक्कल आपोआप येते. मुलीच्या न्हाण्याच्या दिवशी भावाने मागून अंघोळ करायची. यासाठी कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही.

अंघोळ पहाटेच झाली पाहिजे, हेही तपासून पाहू. आपल्याकडे थंडीतही दुपारचं ऊन कडक असतं. काळ्या रंगाचा पत्र्याचा डबा किंवा पिंप झाकण लावून दिवसभर उन्हात ठेवलं, तर तीन-चारपर्यंत पाणी कोमट होतं. ज्वारी काढून, तूर बडवून, धुळीने माखून बाई घरी येते. तेव्हा हे पाणी तिच्या अंगावर पडलं तर काय बिघडलं? संध्याकाळच्या अंघोळीने देव रागावल्याचं ऐकिवात नाही.

विजेची कांडी वापरत असाल तर जपून. लोखंडी बादलीत लावू नका. बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. बायकाच हात घालून पाणी पाहतात, म्हणून धोकाही त्यांनाच. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात लावू नका. त्याच्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी जातो.

पण सगळा भार एकेका घरावर टाकून भागणार नाही. पाणी तापवणं हे गावाचंही काम होऊ शकतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने ते करून दाखवलं. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना तिथे पंचायतीने गावकऱ्यांसाठी अंघोळीच्या गरम पाण्याची सोय केली. दळणाची गिरणी गावाची होऊ शकते, पिण्याच्या पाण्याचं यंत्र गावाचं होऊ शकतं, तर गरम पाण्याची टाकी का नाही? चौकात कमान उभारायला निधी मिळतो. वस्तीच्या कडेला एक सौर बंब, चार न्हाणीघरं, दाराला आतून कडी आणि सांडपाण्याला नाली, एवढं मागायला काय हरकत आहे? अट एकच. न्हाणीघरं दलित वस्ती आणि पारधी वस्ती वगळून होता कामा नयेत, आणि गरम पाणी पुन्हा बायकांनीच डोक्यावरून घरी वाहून पुरुषांना द्यायचं, असंही होता कामा नये.

मागायची जागा आहे. आपल्या राज्यात नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. 2011 पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. याच जामखेड तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून जे आरोग्याचं काम उभं केलं, ते गावातल्या फारशा न शिकलेल्या बायकांच्या भरवशावर उभं राहिलं. ज्या तालुक्यातल्या बायकांनी बाळंतपणं आणि बालमृत्यू हाताळले, त्यांना न्हाणीघराचा ठराव लिहिता येणार नाही, असं कोण म्हणेल? घरकुल मंजूर होताना नकाशात न्हाणीघर दाखवलं आहे का, बांधलं गेलं का, त्याला दार लागलं का, हे महिला सभेत एकेका घराचं नाव घेऊन विचारू या.

मैत्रिणींनो, या विषयावर गटात बोलून पाहा. तुमच्या घरात पहिली बादली कुणाची, शेवटची कुणाची, जाळ कोण घालतं आणि सरपण कुठून येतं, हे चार प्रश्न विचारा. उत्तरं लिहून काढा, लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, आणि पुढच्या अंकासाठी आमच्याकडे पाठवा. ज्या घरात क्रम बदलला असेल त्या घराची हकिगत तर जरूर पाठवा. बदल कसा केला, कोण रागावलं, कोण पहिल्या दिवशी चुलीपुढे खोकत बसलं, सगळं लिहा. दुसऱ्या गावातल्या बाईला त्याचाच उपयोग होईल.